ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात वृद्ध आणि अपंग



पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभ हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : फिरंगाई देवीचे देवस्थान आणि रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत. दौंड तालुक्याच्या या पट्ट्यात ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात किंवा कंत्राटदाराच्या हाताखाली राबून पोट भरले, त्यांच्या नावावर ना भविष्यनिर्वाह निधी, ना निवृत्तिवेतन. हातपाय थकले की त्यांच्यापुढे दोनच दारे उरतात. एक दौंडच्या तहसील कचेरीचे, दुसरे गावच्या ग्रामपंचायतीचे.

तहसीलच्या दारावर संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना यांच्या पाट्या आहेत. पहिली १९८० सालची. दरमहा ६०० रुपयांची मदत २०१९ साली १,००० आणि २०२३ साली १,५०० झाली. दिव्यांगांसाठी ती २०२५ साली २,५०० करण्यात आली. केंद्र सरकार मात्र ६० ते ७९ वर्षांच्या दरिद्री वृद्धामागे २०० रुपये देते. हा आकडा २००७ पासून हललेला नाही.

रकमेहून क्रूर आहे ती उत्पन्नाची अट. वृद्धांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये धरण्यात आली, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने घरातील एकाने वर्षात ६८ दिवस खडी फोडली, तरी म्हातारीचे अनुदान कायद्याने गेले! परिणामी खरे बोलणारा वगळला जातो आणि दाखल्यावर सोयीचा आकडा घालून घेणारा बसतो. तो आकडा घालून देण्यासाठी मध्यस्थ उभा राहतो, आणि निराधाराचे अनुदान ही त्याची कृपा ठरते. गरिबाला खोटे बोलायला लावणारी योजना लोकशाहीला शोभणारी नाही.

आता दुसरे दार. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करावा, असे शासनाचे बंधन आहे. पूर्वी ते ३ टक्के होते. मागासवर्गीयांसाठी १५ आणि महिला व बालकल्याणासाठी १० टक्के राखावे लागतात. वृद्धांसाठी असा वाटा नाही. ज्याची दृष्टी गेली किंवा गुडघे गेले तो म्हातारा, निदान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाल्यावर, म्हातारा म्हणून नव्हे तर दिव्यांग म्हणून पंचायतीच्या हिशेबात येतो. तो दाखला शासकीय रुग्णालयातून आणायचा. ज्याला चालता येत नाही त्यानेच चालत जाऊन ते सिद्ध करायचे, असा हा न्याय. ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला; कचेऱ्यांच्या पायऱ्या बहुतेक ठिकाणी होत्या तशाच राहिल्या.

शिवाय टक्केवारीतही विषमता दडलेली आहे. ज्या गावात कारखान्यांची करआकारणी होते, तेथे ५ टक्क्यांतून फिरते उपचार केंद्र चालू शकेल. केवळ घरपट्टी-पाणीपट्टीवर जगणाऱ्या गावाचे स्वउत्पन्न समजा ४ लाख असेल, तर वाट्याला २० हजार येतात. त्यात दहा जणांचा वर्षाचा औषधखर्चही निघणार नाही. म्हणून श्रीमंत पंचायतींनी रक्कम वाटून मोकळे होऊ नये आणि गरीब पंचायतींना जिल्हा परिषदेने भर घालावी, ही मागणी एकत्रच केली पाहिजे. एरवी होते काय, तर वर्षअखेरीस निधी पडून असल्याचे ध्यानात येते, तीनचाकी सायकली मागवल्या जातात आणि छायाचित्र निघते. ज्याला कुबडी हवी त्याला सायकल मिळते.

कुरकुंभला हा प्रश्न आणखी एका कारणाने जिवाशी आला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये येथील एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि आसपासच्या लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. अशा वेळी तरणी माणसे दुचाकीवर बसून निघतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोण उचलणार? ज्याला ऐकू येत नाही त्याला भोंगा कसा कळणार? दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या ८ व्या कलमाने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर दिव्यांगांची नोंद ठेवण्याची आणि त्यांना धोक्याची सूचना देण्याची जबाबदारी टाकली आहे. ती नोंद वाडी-वस्तीनिहाय व्हायला हवी, आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीआड असायला हवी. त्यातच एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे जोडली, तर कोणत्या कायद्याचा भंग होतो?

बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्म्याइतके सार्वत्रिक निवृत्तिवेतन मागितले. कष्टाने ज्याने संपत्ती निर्माण केली त्याचा तो थकलेला मोबदला आहे, ही त्यामागची भूमिका. ती मान्य होईपर्यंत गावात हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

अंदाजपत्रकापूर्वीच्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी तीन कागद मागावेत : मागील वर्षाचे स्वउत्पन्न, त्यातील ५ टक्क्यांचा खर्च, आणि लाभार्थ्यांची यादी. यादी मोठ्याने वाचली जावी. ज्यांना सभेपर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी आदल्या दिवशी जाऊन विचारावे, काय हवे आहे. आणि ते उत्तर ठरावात, त्यांच्याच शब्दांत, लिहून घ्यावे.