खमंगपणाचा हिशेब

दिवाळीच्या आधी घरोघरी चकलीची भाजणी भाजली जाते. कढईपाशी बसलेल्या वडीलधाऱ्या बाईंना डाळ किती वेळ भाजायची असे विचारले, तर ‘खमंग वास सुटेपर्यंत’ एवढेच उत्तर मिळते. तो वास नेमका कोणता, हे त्यांना सांगता येत नाही आणि घरात नव्याने आलेल्या सुनेला ते नुसते विचारून कळतही नाही. चार-सहा दिवाळ्या तिने कढईपाशी उभे राहून काढल्या, म्हणजे एक दिवस तिचेही नाक शहाणे होते. हे ज्ञान खरे. परंतु ते नाकात आणि मनगटात वस्ती करून असते, कागदावर सहसा उतरत नाही, आणि ज्याच्यापाशी असते त्याच्याबरोबर पुष्कळदा नाहीसेही होते.

घरी कॉफी भाजणाऱ्याची अडचण हीच असते. एखाद्या रविवारी घाणा असा उतरतो, की पेला ओठांना लावताच मन प्रसन्न व्हावे. पुढच्या रविवारी तीच बी, तेच यंत्र आणि तोच माणूस असूनही कॉफी कडवट तरी होते, नाही तर गवताळ तरी लागते. मागच्या वेळी काय साधले आणि या वेळी काय हुकले, याचा पत्ता लागत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून देशोदेशीच्या हौशी मंडळींनी कॉफी भाजण्याच्या घरगुती यंत्राला स्वतः बांधलेला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जोडण्याचा उद्योग आरंभिला आहे. उद्योग छोटा आहे. तथापि एखाद्या कामावर ताबा मिळविणे म्हणजे काय, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके मोठमोठ्या कारखान्यांतूनही होत नाही.

कॉफी भारताला नवी नाही. तिच्या बीला जुन्या मराठीत बुंददाणा म्हणत. सतराव्या शतकात बाबा बुदन या साधुपुरुषाने येमेनमधून सात दाणे आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावले, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगराला आजही त्याचेच नाव आहे. दक्षिणेतील कित्येक घरांत कच्ची बी आणून ती हाताने फिरवायच्या लोखंडी नळकांड्यात निखाऱ्यावर भाजण्याची चाल होती. तेथे मोजमाप असे नव्हतेच. रंग, वास आणि आवाज हेच तीन पंच, आणि त्यांचा निवाडा शेवटचा.

या पंचांना दिसते ते दाण्याच्या बाहेरचे. खरी घडामोड आत चालते. कच्च्या दाण्यात दहा ते बारा टक्के ओलावा असतो. प्रथम तो जाऊ लागतो आणि सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत हिरवट दाणा पिवळा पडतो. गवताचा वास जाऊन भाजक्या पावाचा वास येऊ लागतो. मग शर्करा आणि ॲमिनो आम्ले यांच्यात ती क्रिया वेग घेते, जिचे वर्णन १९१२ साली लुई मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने केले. २०० अंशांच्या आसपास दाण्यात कोंडलेल्या वाफेचा आणि वायूंचा दाब असह्य होऊन मक्याची लाही फुटावी तशी तडतड ऐकू येते. ही पहिली तडतड. २२५ अंशांच्या सुमारास दुसरी, अधिक बारीक तडतड होते आणि दाण्यावर तेल झळकू लागते. या दोन आवाजांमध्ये काही मिनिटांचेच अंतर असते. उष्णता फार घाईने दिली तर दाणा वरून करपतो आणि आत कच्चट राहतो. फार रेंगाळत दिली तर तो भाजल्यासारखा दिसतो खरा, पण चव निर्जीव होते. म्हणजे शेवटचे तापमान ठाऊक असून भागत नाही. तेथवरची वाटही ठरलेल्या गतीने चालावी लागते.

घरगुती भट्टीसाठी हौशी माणसाने निवडलेले वाहन मोठे मजेदार आहे. गरम हवेच्या झोताने मक्याच्या लाह्या फोडणारे विजेचे यंत्र असते, तेच तो कॉफीसाठी राबवितो. या कल्पनेमागे एक थोर उदाहरण आहे. अमेरिकेतील मायकेल सिव्हेट्झ या रासायनिक अभियंत्याने गरम हवेच्या प्रवाहावर दाणे तरंगत ठेवून भाजण्याच्या यंत्राचे पेटंट १९७६ साली मिळविले होते. लाह्यांचे यंत्र हा त्याच तत्त्वाचा गरीब आप्त म्हणता येईल. पण त्याला एकच चाल ठाऊक असते, ती म्हणजे पूर्ण वेगाने धावण्याची. त्यातही एक गोम आहे. अशा पुष्कळ यंत्रांत पंख्याची छोटी मोटर तापणाऱ्या तारेच्याच एका भागावर पोसलेली असते. त्यामुळे उष्णता कमी करावी, तर पंखाही मंदावतो आणि दाणे तळाशी बसून जळतात. म्हणून नियंत्रक बांधणाऱ्याचे पहिले काम असते ते या दोघांची वाटणी करण्याचे: तापक वेगळा, पंखा वेगळा आणि पंख्याला स्वतःचा स्वतंत्र वीजपुरवठा.

त्यानंतर नियंत्रकाचे तीन अवयव जुळवावे लागतात. पहिला अवयव म्हणजे जाणणारा. क्रोमेल आणि अल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारांचे टोक एकत्र जोडून दाण्यांच्या राशीत खुपसतात. याला थर्मोकपल म्हणतात. दोन निरनिराळ्या धातूंचे सांधे निरनिराळ्या तापमानाला ठेवले तर विद्युत्परिणाम घडतो, हे थॉमस सीबेक याला १८२१ साली आढळले होते. हा परिणाम अगदी नाजूक असतो. अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे २०० अंशांनाही जेमतेम ८ मिलिव्होल्ट. ही कुजबुज ऐकून तिचा आकडा करणारी चिमुकली चकती आज सहज मिळते. दुसरा अवयव म्हणजे विचार करणारा. इटलीतील इव्हरेआ या गावी २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनोसारखा एखादा मायक्रोकंट्रोलर त्यासाठी पुरतो. तिसरा अवयव म्हणजे करणारा, आणि तो असतो सॉलिड स्टेट रिले. आपल्याकडच्या विजेच्या लहरी सेकंदाला पन्नास, म्हणजे अर्ध्या लहरी शंभर. त्यांतल्या चाळीस तापकाकडे जाऊ दिल्या आणि साठ अडविल्या, की उष्णता चाळीस टक्के मिळते. तापकाला कळण्यापूर्वीच हा हिशेब पुरा होतो.

आता खरा प्रश्न येतो, किती लहरी सोडायच्या? याचे उत्तर भट्टीपासून फार दूर, समुद्रावर सापडले. निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने जहाजाच्या सुकाणूचा विचार करताना सुकाणू धरणाऱ्या अनुभवी खलाशांकडे पाहिले आणि १९२२ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. चांगला सुकाणूवाला जहाज आत्ता किती भरकटले एवढेच पाहत नाही. ते किती वेळ भरकटत आले आहे याची त्याला आठवण असते, आणि ते कोणत्या वेगाने वळत आहे यावरून पुढचा अंदाजही तो बांधतो. वर्तमानातील चूक, भूतकाळातील चुकांची बेरीज आणि चुकीच्या बदलाचा वेग, या तिन्हींना योग्य ते वजन देऊन केलेली आज्ञा म्हणजेच आज जगभर पीआयडी या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी नियंत्रणपद्धती.

भट्टीवर या तिघांचे स्वभाव लगेच दिसून येतात. नुसत्या वर्तमानाकडे पाहणारा नियंत्रक ठरलेल्या वाटेच्या किंचित खालीच राहतो. भूतकाळ जोडला की ती तूट भरून निघते, पण नवाच उपद्रव उद्भवतो. सुरुवातीला दाणे थंड असतात. तापक पूर्ण ताकदीने चालूनही तापमान मागे पडते आणि तुटीची थकबाकी साचत जाते. मग दाणे वाटेवर आले तरी नियंत्रक जुन्या थकबाकीची वसुली करीतच राहतो आणि तापमान वाट ओलांडून वर जाते. यासाठी थकबाकीला मर्यादा घालून द्यावी लागते. भविष्य पाहणारा घटक तर त्याहून हळवा असतो. उडते दाणे थर्मोकपलला आपटून आकडा सारखा थरथरतो आणि त्या थरथरीलाच तो भविष्य समजतो. आकड्यांची सरासरी घेऊन थरथर शमविता येते. फार शमविली, तर खरी बातमीही उशिरा पोहोचते. तिघांची वजने ठरविण्याचे आडाखे झीग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ साली दिले. परंतु शेवटचा हात घरातल्या भट्टीवर, दोन-चार घाणे वाया घालवूनच बसतो.

वाया गेलेल्या घाण्याचे दुःख फार नाही. खरे भय दुसरीकडे आहे. नियंत्रकाला बाहेरचे जग दिसते ते एकाच साक्षीदाराच्या तोंडून, आणि हा साक्षीदार खोटे बोलू शकतो. अमेरिकन पद्धतीच्या थर्मोकपलात पिवळी तार धन असते आणि लाल तार ऋण. विजेच्या कामात लाल म्हणजे धन ही खूणगाठ बांधलेला माणूस त्या नेमक्या उलट जोडतो. मग दाणे जसजसे तापतात तसतसा पडद्यावरचा आकडा खाली उतरतो, आणि नियंत्रक अत्यंत प्रामाणिकपणे उष्णता वाढवीत जातो. तार तुटली किंवा टोक दाण्यांतून निसटले तरी परिणाम हाच. कॉफीचा सुटलेला पापुद्रा हलका आणि चटकन पेटणारा असतो. पंखा बंद पडला आणि तापक चालू राहिला, तर आग लागायला फार वेळ लागत नाही. त्यातच सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालू स्थितीतच चिकटून राहतो. मग मेंदूने कितीही नकार दिला तरी हात ऐकत नाही.

म्हणून जाणता माणूस चव सुधारण्याच्या आधी काही नियम घालून घेतो. पंखा फिरत असल्याखेरीज तापक चालू होता कामा नये. आकडा अशक्य वाटला, किंवा पूर्ण उष्णता देऊनही तो चढेना, तर तापक तत्काळ बंद व्हावा. या सर्वांवर, कोणत्याही गणिताला न विचारता, ठरावीक उष्णतेला आपोआप वीज तोडणारा साधा खटका तापकाच्या वाटेत असावा. २३० व्होल्टच्या तारा बंद पेटीत, जमिनीशी जोडलेल्या आवरणात राहाव्यात. आणि भट्टी चालू असताना माणसाने तिच्यापासून हलू नये. ज्याच्या हाती शक्ती दिली, त्याच्या चुकीची तरतूद आधीच करून ठेवावी, हे व्यवहारातले जुने शहाणपण येथे पाच-पन्नास रुपयांच्या खटक्यात उतरलेले दिसते.

एवढे सारे जमल्यावर हाती काय येते? घाण्यागणिक एक वक्ररेषा मिळते. आर्टिसनसारखी विनामूल्य संगणक-प्रणाली ती रेषा जपून ठेवते. कोणत्या मिनिटाला दाणा पिवळा झाला, केव्हा तडतडला, केव्हा उतरविला, याची नोंद राहते आणि आवडलेला घाणा पुन्हा तसाच किंवा तसाच्या जवळपास काढता येतो. चुकलेला घाणाही आता मुका राहत नाही. कोठे घाई झाली ते तो दाखवितो.

परंतु येथवर येऊनही काही गोष्टी यंत्राबाहेर राहतातच. पहिली तडतड माणसाच्याच कानाला ऐकू येते आणि तोच कळ दाबून तिची नोंद करतो. बी बदलली, ओलावा बदलला, थर्मोकपल बोटभर सरकले, की कालची रेषा आजच्या दाण्याला लागू पडत नाही. आणि चांगले कशाला म्हणायचे, हे कोणतीच रेषा सांगत नाही. ते प्रथम कोणा तरी माणसाने पेला हातात घेऊन ठरविलेले असते. नियंत्रक त्याच्या त्या निर्णयाची आठवण तेवढी ठेवतो.

कढईपाशी बसलेल्या त्या बाईंच्या नाकाला या पेटीने बाद केलेले नाही. त्यांना जे सांगता येत नव्हते त्यातले थोडेसे तिने लिहून काढले आहे, एवढेच. ते टिपण हाती आले तर नव्या सुनेच्या सहा दिवाळ्यांच्या कदाचित दोन होतील. त्या दोन मात्र तिला कढईपाशी उभे राहूनच काढाव्या लागतील.