जायफळाच्या बेटावर पंधरा दिवस

आज मी तुम्हाला एका बेटावर घेऊन जाणार आहे. त्याचं नाव ग्रेनेडा. क्रिकेट बघणाऱ्या घरांत वेस्ट इंडीज हे नाव सगळ्यांना माहीत असतं. ती कॅरिबियन समुद्रातली पुष्कळशी बेटं, आणि त्यातलंच हे एक लहानसं. किती लहान? आसपासची छोटी बेटं धरून क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशी पंधरा ग्रेनेडा मावतील. लोकवस्ती लाखाच्या थोडी वर. पण या देशाच्या झेंड्यावर काय आहे माहितीय? जायफळ! आपण श्रीखंडात, पुरणात किसून घालतो तेच.

माझी लेक तिथल्या वैद्यकीय कॉलेजात नोकरी करते. तिनं बोलावलं म्हणून एप्रिलच्या शेवटी गेले आणि पंधरा दिवस राहिले. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे भर दुपारचे बारा. पहिले दोन दिवस मी जेवणाच्या वेळेला झोपत होते आणि झोपायच्या वेळेला चहा मागत होते.

जाताना माझ्या डोक्यात गटाचा एक प्रश्न होता, तो आधी सांगते. आमच्या आठ जणींच्या बचत गटाकडे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. राहणं, जेवण, थोडी आगळ-लोणची विकणं असा आमचा व्यवसाय. दोघी-तिघींचं म्हणणं होतं की चार लाखांचं कर्ज काढू, एसी बसवू, पोहायचा टँक बांधू, त्याशिवाय मोठं गिऱ्हाईक येत नाही. निर्णय माझ्या परत येण्यावर ठेवला होता. "तू परदेश बघून येतेयस, तिथे काय चालतं ते सांग," असं म्हणून त्यांनी मला पाठवलं.

लेकीनं पहिले तीन दिवस ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर एका मोठ्या हॉटेलात खोली घेतली होती. पांढरी वाळू, निळं पाणी, जवळजवळ तीन किलोमीटरचा किनारा. हॉटेलात खाणंपिणं सगळं एकाच पैशात, त्यामुळे बाहेर पडायचं कारणच नाही. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, काय काय बघितलंस?" मी म्हटलं, "समुद्र बघितला. तो तर आपल्या दारातच आहे." ती हसली आणि म्हणाली, "चल, उद्यापासून बसनं फिरू."

तिथल्या बस म्हणजे आपल्या वडापसारख्या छोट्या गाड्या. खच्चून भरतात, गाणी मोठ्यानं लावतात. उतरायचं असलं की गाडीच्या पत्र्यावर टकटक करायची. पण चढणारा प्रत्येक माणूस आधी सगळ्यांना "गुड मॉर्निंग" म्हणतो. न म्हणता बसलं तर उद्धटपणा समजतात. दुकानातही तसंच. आधी नमस्कार, मग भाव.

शनिवारी आम्ही राजधानीच्या बाजारात गेलो. शहराचं नाव सेंट जॉर्जेस. घोड्याच्या नालेसारखं बंदर, भोवती डोंगर, त्यावर लाल कौलांची घरं. बाजारात बघते तर सगळं ओळखीचं! ओली हळद, आलं, दालचिनी, लवंग, तमालपत्रासारखी पानं, हिरवी केळी, अळूची पानं, नीरफणस, नारळ. आपल्या मंगळूरच्या रेषेतच ते बेट येतं, हवाही तशीच दमट, मग पिकं तीच असणार.

तिथे एक वयस्कर बाई मसाल्याच्या माळा विकत होती. जायफळ, दालचिनीचे तुकडे, हळकुंड, लवंगा असं सगळं दोऱ्यात ओवलेलं. स्वयंपाकघरात टांगून ठेवायची, घरभर वास. तिनं पंधरा डॉलर सांगितले. तिथला डॉलर तेव्हा आपल्या तीस-बत्तीस रुपयांचा होता. मी सवयीनं म्हटलं, "दहाला दे." लेकीला ते इंग्रजीत सांगायला लाजच वाटत होती, पण मी हट्ट केला. बाई रागावली नाही. तिनं माळ माझ्या हातात दिली आणि एकेक मणी मोजून दाखवला. हे जायफळ माझ्या झाडाचं, ही दालचिनी बहिणीची, ओवायला संध्याकाळ जाते. मग विचारलं, "यातलं कुठलं काढून टाकू, म्हणजे दहा होतील?"

मैत्रिणींनो, माझी मान खाली गेली. कारण आमच्या अंगणात हेच घडतं. मोठ्या गाडीतून आलेला पाहुणा कोकम आगळीच्या बाटलीसाठी वीस रुपये कमी करा म्हणतो, तेव्हा मला किती राग येतो! हॉटेलात तीन दिवसांचे हजारो रुपये आम्ही निमूट दिले. घासाघीस कुठे केली, तर या बाईशी. मी पंधरा दिले आणि तिच्या शेजारीच बसले.

तिनं २००४ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ७ सप्टेंबरला 'आयव्हन' नावाचं चक्रीवादळ बेटावरून गेलं. बहुतेक घरांची छपरं उडाली आणि जायफळाच्या बागा आडव्या झाल्या. त्याआधी जायफळाच्या बाबतीत इंडोनेशियानंतर ग्रेनेडाचाच नंबर होता. जायफळाचं झाड लावल्यावर फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात आणि भरपूर धरायला त्याहून जास्त. म्हणजे एका दिवसात गेलं ते परत यायला निम्मं आयुष्य. ती म्हणाली, "आम्ही झाडावर विसंबून होतो. मग हळद लावली, आलं लावलं, भाजी लावली आणि माळा ओवायला शिकले." आणि २०२४ च्या १ जुलैला 'बेरिल' वादळानं त्यांच्याच कॅरियाकू या धाकट्या बेटाची दैना केली. जून ते नोव्हेंबर तिथे वादळाचे महिने. तेव्हा पाहुणेही कमी येतात. तौक्ते आणि निसर्ग वादळं बघितलेल्या आपल्या किनाऱ्यावरच्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नंतर आम्ही गुयाव्ह नावाच्या मासेमारीच्या गावात गेलो. तिथे जायफळाची जुनी वखार आहे. ती शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची, आणि हा संघ १९४७ सालचा. थोडे पैसे भरून आत जाता येतं. आत काय बघायचं? चालू काम! बाया ओळीनं बसून जायफळं निवडतात. टरफल फोडून जायफळं पाण्यात टाकतात. भरीव असतं ते बुडतं, हलकं तरंगतं. बुडलेलं मसाल्यासाठी आणि तरंगलेलं तेलासाठी वगैरे. लाल जायपत्री महिनोन् महिने लाकडी पेट्यांत ठेवतात, मग तिचा रंग फिका पिवळसर होतो. पोत्यांवर हातानं देशांची नावं रंगवलेली. आणि टरफलंसुद्धा वाया जात नाहीत. बागेच्या पायवाटेवर पसरतात, तण येत नाही आणि चालताना कुरकुर आवाज येतो. लांबून आलेली माणसं हे सगळं डोळे मोठे करून बघत होती. मला वाटलं, अगं, आम्ही सुपारी सोलतो, काजू फोडतो, ते पाहुणा आला की परसात लपवून ठेवतो. पसारा दिसायला नको म्हणून!

त्याच गावात शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर माशांचा बाजार भरतो. भाजलेले, तळलेले, रस्सा केलेले मासे. गावातलीच माणसं चुली मांडतात, पाहुणे उभ्यानं खातात. गल्लीत जिथे एरवी गाड्या उभ्या राहतात, तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ कमाई होते.

मग कोकोचा मळा बघितला. बेलमाँट नावाची जुनी इस्टेट आहे. पूर्वी अशा मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत, तेही तिथे सांगतात, झाकत नाहीत. कोकोचं फळ फोडलं की आत सीताफळासारखा पांढरा गर. त्या बिया पेट्यांत केळीच्या पानांखाली काही दिवस आंबवतात, मग मोठ्या ताटांत उन्हात घालतात. वाळवताना बाया अनवाणी पायांनी त्यांच्यातून सरी ओढत चालतात, म्हणजे बी खालीवर होतं. आपण खळ्यावर भात वाळवताना पायानं हलवतो, अगदी तसंच. पाऊस आला की ताटं रुळांवरून छपराखाली ढकलतात. मलाही चालायला दिलं. तळपायाला चॉकलेटचा वास लागला होता!

जेवायला त्यांचं राष्ट्रीय पक्वान्न होतं, 'ऑइल डाउन'. मोठ्या पातेल्यात नीरफणस, हिरवी केळी, गाजरं, पिठाचे गोळे, खारवलेलं मटण किंवा मासे, वर अळूसारखी पानं, आणि सगळ्यावर हळद घातलेलं नारळाचं दूध. सगळं दूध आटून तळाशी नारळाचं तेल सुटेपर्यंत शिजवायचं, म्हणून ते नाव. गंमत म्हणजे हळदीला ते लोक 'सॅफ्रन' म्हणतात, म्हणजे केशर! मी लेकीला म्हटलं, "बघ, आपल्या हळदीला कुठेतरी केशराचा मान मिळाला."

एक दिवस मोलिनियरच्या उपसागरात काच बसवलेल्या होडीतून गेलो. तिथे समुद्राच्या तळाशी माणसांचे पुतळे आहेत. हात धरून गोल उभी राहिलेली मुलं, एक सायकलवाला. २००६ साली जेसन डिकेअर्स टेलर या शिल्पकारानं ते बसवायला घेतले. त्यांच्यावर आता प्रवाळ वाढतंय, मासे राहतात, आणि पोहणाऱ्यांची गर्दी इकडे वळल्यामुळे शेजारच्या खऱ्या प्रवाळावरचा ताण कमी होतो. पुतळ्यांच्या अंगावर शेवाळ बघून आधी भीती वाटली, मग बघतच राहिले.

आणि एका रात्री लेव्हेराच्या किनाऱ्यावर कासव बघितलं. लेदरबॅक जातीचं. पाठीवर टणक कवच नसतं, चामड्यासारखी कातडी असते, आणि वजन तीन-चारशे किलो. मार्च ते ऑगस्ट ती अंडी घालायला येतात. त्या दिवसांत वाटाड्या घेतल्याशिवाय आणि परवानगीशिवाय रात्री तिथे जाता येत नाही. बॅटरी फक्त लाल उजेडाची, बोलणं कुजबुजीत. ती माय खड्डा उकरत होती आणि आम्ही सगळे श्वास धरून उभे. रत्नागिरीच्या वेळासला आपल्या बाया कासवं बघायला येणाऱ्यांना घरी उतरवतात, जेवू घालतात. दोन्हीकडे एकच गोष्ट. कासव जगलं तर पाहुणा येणार.

१ मे तिथे मी होते. आपला महाराष्ट्र दिन. पण त्याच तारखेला, १८५७ साली, 'मेडस्टोन' नावाचं जहाज हिंदुस्थानातली माणसं घेऊन ग्रेनेडाला पोचलं होतं. गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून करारावर नेलेली माणसं. पुढच्या काही दशकांत अशी तीन हजारांवर माणसं गेली, बहुतेक उत्तर हिंदुस्थानातली. आज तिथे रस्त्यावर रोटी मिळते ती त्यांचीच देणगी. मी विमानातून हौसेनं गेले. त्या बाया बोटीत महिनोन् महिने बसून गेल्या, आणि बहुतेक परत आल्याच नाहीत. त्या दिवशी रोटी खाताना घास जड झाला.

निघायच्या आधी पुन्हा बाजारात गेले आणि त्या बाईकडून आठ माळा घेतल्या, गटातल्या प्रत्येकीला एक. भाव विचारला नाही. तिनंच आठांवर एक पुडी जायपत्रीची वर टाकली.

आता आमच्या प्रश्नाचं सांगते. परत आल्यावर बैठकीत मी एवढंच म्हटलं की तीन दिवस मी एसीत झोपले, टँकवर बसले आणि त्यातलं काही आठवत नाही. आठवतात त्या पाण्यात बुडणाऱ्या जायफळांच्या बाया. पुष्कळ वाद झाला. शेवटी चार लाखांचं कर्ज काढायचं नाही असं ठरलं. गटाच्या शिलकीतून संडास-न्हाणी नीट केली, मच्छरदाण्या घेतल्या, गाद्या बदलल्या, कारण स्वच्छ झोप आणि स्वच्छ न्हाणी तर पाहुण्याला हवीच. आणि सुपारी सोलणं, काजू फोडणं, कोकमं वाळवणं परसातून पुढच्या पडवीत आणलं. जो पाहुणा बघेल त्याच्याकडून माणशी पन्नास रुपये, हातानं करून बघायचं असलं तर शंभर. आमच्या एकीच्या बागेत माडांमध्ये जायफळाची सहा झाडं आहेत. फळाची साल आम्ही टाकून देत होतो. तिकडे त्याचा जॅम करतात. आम्ही लोणचं घालून बघितलं, पहिलं कडवट झालं, दुसरं चांगलं झालं.

गटातली एक मैत्रीण अजून म्हणते, "मे महिन्यात एसी नाही म्हणून दोन कुटुंबं परत गेली, ती कमाई कोण देणार?" तिचं म्हणणं खोटं नाही. ते आम्ही वहीत लिहून ठेवलंय. वर्षाचा हिशेब झाला की पुन्हा बसणार आहोत.

तुमच्या गटातही असा विचार चालू असेल, तर कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक काम करा. एक दिवस आपल्याच घरात पाहुणीसारख्या फिरा आणि आपण काय लपवून ठेवतो ते लिहून काढा. आणि कधी फिरायला गेलात, पंढरपूरला जा नाहीतर परदेशी, तर बाजारात बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी भांडू नका.

येते. नमस्कार.