कुंचला आणि रानपिंगळा

डोळखांबच्या रानात सागाच्या फांदीवर पिंगळा दिसला, तर तो नेहमीचा ठिपकेदार की दुर्मिळ रानपिंगळा, हे बव्हंशी माथ्यावरून ठरते. पहिल्याचा माथा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला. दुसऱ्याचा जवळजवळ कोरा. १८८४ नंतर शास्त्रज्ञांस हरवलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ, आणि २०१४ साली येथून जवळच्या तानसा अभयारण्यात आढळला. हा भेद कागदावर उतरविणे, हे पक्षिचित्रकाराचे काम. गोमंतकीय कार्ल डिसिल्वा (निधन २०१५) हे त्यांपैकीच. भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील १९९८ च्या इंग्रजी ग्रंथाच्या चित्रकारांत ते होते. अशा चित्रात पिसांची मोजदाद शास्त्राची, बसण्याची ऐट मात्र कलेची. कुंचल्याचे चार ठिपके अधिक पडले, की त्या चित्रावरून पाहणारा रानपिंगळ्याची नोंद साधा पिंगळा म्हणून करतो, आणि त्या सागवनाचा कैवार घ्यावयास कोणी उरत नाही.