दूरदेशीच्या बालशाळेतील पाच आठवडे

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दीनिमित्त बोलण्यासाठी कार्यवाहांनी मला 'बृहन्महाराष्ट्रातील मराठी वाङ्मय : काल आणि आज' हा विषय सुचविला होता. या विषयावर याच व्यासपीठावरून मी पूर्वी दोनदा बोललो आहे आणि दोन्ही वेळी श्रोत्यांनी दाखविलेली सहनशीलता माझ्या चांगली स्मरणात आहे. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी माझ्या पुतणीविषयी बोलणार आहे. हे काहींना फार खासगी वाटेल. परंतु तिच्या अनुभवाची वाट शेवटी आपल्या ग्रंथालयातील एका कपाटापाशी येऊन थांबते, तेव्हा तो येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही, असे मी समजतो.

ही मुलगी आपल्या वडोदऱ्यातच, दांडिया बाजारात वाढली. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणींशी बोलणे गुजरातीत आणि घरात मराठी, असा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतो तसाच तिचा त्रिभाषिक संसार. पदवी घेतल्यावर २०१९ साली ती न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी गेली. तेथे छात्राध्यापकाला वर्गात बसून जितके शिकावे लागते, जवळजवळ तितकेच प्रत्यक्ष बालकेंद्रात राहून शिकावे लागते. जुलै-ऑगस्टच्या त्यांच्या हिवाळ्यात तिला पाच आठवडे शहराच्या दक्षिण भागातील एका केंद्रात पाठविण्यात आले. मुले माओरी, सामोअन, टोंगन, काही गोरी आणि काही भारतीय. वय सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत.

पहिल्या आठवड्यातील तिच्या फोनमुळे आमच्या घरात थोडी खळबळ माजली. तिने पहिल्या दिवशी काय केले, तर मार्गदर्शक शिक्षिकेच्या देखरेखीखाली तान्ह्या मुलांची दुपटी बदलली. माझे बंधू म्हणाले, 'याच्यासाठी का कर्ज काढले?' माझ्या मातुःश्री तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी विचारले, 'बदलताना बोलत होतीस का बाळाशी?' पुतणी म्हणाली की, मार्गदर्शक बाईंनीही नेमके हेच विचारले होते.

आमच्या वेळच्या बी.एड.च्या सरावपाठांची ज्यांना आठवण आहे, त्यांना हे सारे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे पाठटाचण, उद्दिष्टे, तक्ता, पस्तीस मिनिटांचा तास, मागच्या बाकावर निरीक्षक, आणि मुले म्हणजे पाठ यशस्वी करून देण्यासाठी जमविलेली मंडळी! तिला तेथे एकही 'पाठ' घ्यावयाचा नव्हता. मुलांबरोबर वाळूत बसायचे, चिखलात उभे राहायचे, ती काय करतात ते पाहायचे आणि त्यावर लिहायचे. या लेखनाला ते 'शिकण्याच्या गोष्टी' म्हणतात. ही पद्धत मार्गारेट कार या विदुषींनी रुजविली. मुलाला काय येत नाही, याची यादी करायची नाही. त्याने आज काय करून पाहिले, कोठे अडले, पुन्हा कसे वळले, हे गोष्टीसारखे लिहून आईवडिलांच्या हाती द्यायचे. दोन वर्षांखालील पाच मुलांमागे निदान एक मोठे माणूस असले पाहिजे, असा तेथील नियम आहे. त्यामुळे अशा निरीक्षणाला सवड सापडते. आपल्या बालवाड्यांतील बाई चाळीस मुलांपुढे हे कसे करणार, हा प्रश्न योग्यच आहे आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

तेथील राष्ट्रीय बालशिक्षणक्रमाचे नाव 'ते फारिकी' असे आहे. माओरी भाषेत फारिकी म्हणजे विणलेली चटई. चार तत्त्वे आणि पाच धागे एकमेकांत विणून हा क्रम तयार झाला आहे, अशी त्यामागची कल्पना. १९९६ साली तो प्रसिद्ध झाला आणि २०१७ साली सुधारून पुन्हा निघाला. कार, हेलन मे आणि माओरी समाजातील रीडी पतिपत्नी यांनी तो रचला. त्यातील माओरी भाग हा इंग्रजीचे भाषांतर नसून स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. ज्याचे आयुष्य भाषांतरित पाठ्यपुस्तके शिकविण्यात गेले, त्याला या एका गोष्टीचा हेवा वाटावा.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातून एक चूक घडली. रडणाऱ्या एका माओरी मुलीला तिने जवळ घेतले आणि आपल्या सवयीप्रमाणे तिच्या डोक्यावरून हात फिरविला. केंद्रात एक ज्येष्ठ माओरी शिक्षिका होत्या. त्यांनी हिला बाजूला घेऊन सांगितले की, आमच्यात मस्तक 'तापू' असते, त्याला सहज कोणी हात लावीत नाही. (इंग्रजीतील 'टॅबू' हा शब्द याच पॉलिनेशियन कुळातून आला आहे. आपल्या सोवळ्याची छटा त्यात आहे, पण 'सोवळे' म्हणून भाषांतर केल्यास अर्थ निसटतो.) जेथे अन्न ठेवतात त्या मेजावर बसू नये, उशीवर बसू नये, हेही त्यांनी सांगितले. ते हिला लगेच पटले, कारण आजीने पाटाला पाय लावल्याबद्दल दिलेले धपाटे तिच्या लक्षात होते. परंतु डोक्यावरचा हात! आपल्याकडे तो आशीर्वादाचा. ती मला म्हणाली, 'काका, माझा हात आपोआप वर जातो. मला तो दिवसातून वीस वेळा खाली आणावा लागतो.'

या ज्येष्ठ बाईंविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. त्यांच्या आईच्या पिढीतील माओरी मुलांना शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल छड्या खाव्या लागत. मार खाल्लेल्या त्या मुलांनी पुढे आईबाप झाल्यावर आपल्या लेकरांशी इंग्रजीतच बोलायचे ठरविले. १९७० च्या दशकापर्यंत अशी वेळ आली की, माओरी अस्खलित बोलणारी लहान मुले शोधावी लागत. १९७२ साली ही भाषा शाळांतून शिकविली जावी म्हणून तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला. १९८२ साली वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता येथे पहिले 'कोहांगा रेओ' सुरू झाले. कोहांगा म्हणजे घरटे, रेओ म्हणजे भाषा. ज्या आज्यांना भाषा येत होती त्यांच्याभोवती लहान मुले बसवायची आणि खाणे, झोपणे, खेळणे, भांडणे सारे त्याच भाषेत होऊ द्यायचे, एवढीच त्याची रीत. १९८७ साली माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला. १९९० च्या दशकात अशी सुमारे आठशे घरटी होती. पुढे ती संख्या बरीच घटली. तेव्हा सारे काही साधले, असे कोणी समजू नये. या बाई स्वतः तिशीत असताना आपल्या मुलीचा हात धरून अशा एका घरट्यात गेल्या आणि मुलीबरोबर आपली भाषा शिकल्या.

आता त्या मुलाकडे येतो. साडेतीन वर्षांचा मुलगा, आईवडील मराठी, महाराष्ट्रातून गेलेले. केंद्रात येऊन त्याला दोन महिने झाले होते आणि त्या काळात त्याने एक शब्दही उच्चारला नव्हता. रडत नसे, भांडत नसे. कुंपणापाशी उभा राहून पाहत असे. तिसऱ्या आठवड्यात पावसाची सर थांबल्यावर सगळी मुले गमबूट चढवून बाहेर पळाली. हा बाकावर बसून होता. पुतणी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि घाईघाईत, ठरवून नव्हे, तिच्या तोंडून निघून गेले, 'पाय दे पाहू.' मुलाने तिच्याकडे पाहिले. मग म्हणाला, 'हा नाई, तो.' बूट डाव्या पायाचा होता आणि हिने उजवा पाय धरला होता.

त्या दिवशी तो तिच्या मागेमागे फिरला. वाळूत त्याने तिला बरेच काही सांगितले; त्यात एक ट्रक होता आणि आजीकडची मांजर होती. हिने रात्री जागून त्याची 'गोष्ट' लिहिली आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्या आईच्या हाती पडली.

आईला ती आवडली नाही. त्यांनी मार्गदर्शक शिक्षिकेला स्पष्ट सांगितले की, आम्ही घरीही आता त्याच्याशी इंग्रजीच बोलतो, येथे कोणी मराठी बोलू नये. तेथे मूल साधारणपणे पाचव्या वाढदिवसाला शाळेत दाखल होते, वर्षारंभाची वाट पाहत नाहीत. त्या आईपुढे तो वाढदिवस उभा होता. पुतणी छात्राध्यापिका; वाद घालण्याचा तिला अधिकार नव्हता. तिने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज रागाने थरथरत होता. मीही तावातावाने मातृभाषेवर बोलू लागलो. माझे बोलणे मध्येच तोडून ती म्हणाली, 'पण काका, मला इंग्रजी शाळेत कोणी घातलं? आणि दादाला?' दादा म्हणजे माझा मुलगा. मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा. मी गप्प बसलो.

त्या आईची भीती खोटी नव्हती, हे मला आजही वाटते. परक्या देशात मूल मागे पडेल, ही धास्ती व्याख्यानांनी जात नाही. ज्येष्ठ बाईंनी व्याख्यान दिले नाही. संध्याकाळी मुलाला न्यायला आलेल्या त्या आईला त्यांनी चहा दिला आणि स्वतःच्या आईची हकीकत सांगितली. 'शाळेत आम्हांला कोणी मारू नये, म्हणून आईने आम्हांला आमची भाषा दिली नाही. तुझ्या मुलाला इथे कोणी मारणार नाही.' आई काही न बोलता मुलाला घेऊन गेली. चार दिवसांनी तिने निरोप पाठविला की, गाणी म्हणायला हरकत नाही. इतकेच.

गाणी! तेथील रात्रीचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. माझी वामकुक्षीची वेळ. 'काका, लहान मुलांची मराठी गाणी सांग, उद्या हवीत.' मी मर्ढेकरांवर दोन तास बोलू शकतो. परंतु तीन वर्षांच्या मुलाला म्हणून दाखविता येईल असे गाणे पहिल्या दोन ओळींपुढे मला एकही सरळ आठवेना. शेवटी मातुःश्रींच्या हाती फोन दिला. पावसाला पैशाचे आमिष दाखविणारे, तीट लावताना म्हणायचे, बोटे मोजण्याचे, चांदोबाचे, अशी एकामागून एक अकरा गाणी त्यांनी म्हटली आणि तिने ती ध्वनिमुद्रित करून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांतील बोटे मोजण्याचे गाणे सामोअन मुलांनीही म्हटले, असे कळले. चिऊ-काऊची गोष्ट मात्र पडली. शेणाचे घर म्हणजे काय, हे कोणालाच सांगता येईना.

मग तिने चित्रांचे एखादे पुस्तक पाठवायला सांगितले आणि मी आपल्या ग्रंथालयात आलो. बालविभागाच्या कपाटाला कुलूप होते. किल्ली सापडायला दोन दिवस लागले. आत दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी पुष्कळ होते, शूरवीरांची चरित्रे होती, विज्ञानकथा होत्या. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावे असे एकच पुस्तक निघाले, तेही मुखपृष्ठ नसलेले. याला जबाबदार कोण, हे विचारण्याची सोय मला नव्हती. बालविभागाची खोली बांधीव नियतकालिकांच्या साठवणीसाठी द्यावी, हा २०११ सालचा ठराव मी मांडला होता. कार्यवृत्तात तो पाहावयास मिळेल. ज्या नगरीत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणविले, ज्या गुजरातेत गिजुभाईंचे भावनगरचे बालमंदिर १९२० पासून नावारूपाला आले, आणि जेथे आपल्या ताराबाई मोडक गुजराती मुलांमध्ये बसून बालशिक्षण शिकल्या, ते मग मराठीत घेऊन गेल्या, तेथे मी हा ठराव मांडला आणि तो एकमताने संमत झाला.

पुतणीचे पाच आठवडे संपले. तिच्या अहवालात एक दोष नोंदविला गेला: जे काम मुलाने स्वतः करावे, ते ती घाईने करून टाकते. गमबुटाचाच दाखला त्यात होता. हा दोष खरा आहे. तो आमच्या घराण्यातच आहे. ती आता तेथेच एका बालकेंद्रात शिक्षिका आहे. तो मुलगा पाच वर्षांचा होऊन शाळेत गेला असणार. आता कोणत्या भाषेत भांडतो, हे तिला कळलेले नाही.

२०२२ पासून दर रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या मातुःश्री आपल्या वाचनकक्षाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसतात आणि मुले खाली सतरंजीवर. गेल्या रविवारी नऊ मुले होती. त्यांतील चौघे त्यांच्याशी गुजरातीतच बोलतात. त्या मराठीत उत्तर देतात. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या सभासदांना या गलबल्याचा त्रास होतो, अशी तक्रार कार्यकारी मंडळाकडे आली आहे आणि ती रास्त आहे. म्हणून २०११ चा ठराव रद्द करून ती खोली मुलांना परत द्यावी, असा अर्ज मी कालच कार्यवाहांकडे दिला आहे. बांधीव नियतकालिके कोठे हलवावी, याविषयी दोन पर्याय त्यात सुचविले आहेत. सर्वसाधारण सभेत तो चर्चेला येईल तेव्हा आपण उपस्थित राहावे, ही विनंती.