गवताचं बी आणि गावाचा हक्क

(रोहणा येथे कास्तकार, गवळी आणि जंगलगावांच्या एकत्र बैठकीत ग्रामसभांच्या वतीने केलेलं भाषण)



रोहण्याचे कास्तकार भाऊ, गौळाऊ गाई राखणारे गवळी काकाजी, आणि डोंगराकडून आलेल्या आमच्या बाया-माणसांनो,

आज आम्ही काही मागायला आलो नाही, विकायला आलो आहोत. या गठोड्यात गवताचं बी आहे.

कोणी हसेल. म्हणेल, गवत कोणी विकत घेऊन पेरतं का? ते तर आपोआप उगवतं. आपोआप उगवत होतं तो काळ आठवा. घरटी थोडं बरड पडीत राहायचं, धुऱ्यावर मारवेल राहायचा, वावरात ज्वारी राहायची. तिचा कडबा ढोरं खायची. आता ज्वारी गेली, सोयाबीन आलं. त्याचं कुटार किती दिवस पुरतं हे तुम्हालाच माहीत. धुऱ्यावर तणनाशक मारलं, मारवेल गेला. कापूस नेणारी पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे रोहण्यावरून जायची, ती बंद झाली. कापूस मात्र या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पसरला. मग ढोरांनी जावं कुठं? जंगलात. तिथं तुमची ढोरं, आमची ढोरं, सगळी एकाच तुकड्यावर. तिथूनच भांडण सुरू होतं.

गौळाऊ ही आपल्या जिल्ह्याची गाय. हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. चांगलं आहे. पण जात टिकते ती चाऱ्यावर. चारा नसला की गाय बाजाराची वाट धरते.

आता बियाचं सांगतो. मुरमाड बरडासाठी पवन्या आणि शेडा. काळ्या जमिनीसाठी, धुऱ्यासाठी मारवेल. सोबत रानमूग आणि गोकर्ण. दोन वाटे गवत, एक वाटा शेंगवाले वेल. वेल कशाला? त्यांच्या मुळांवर गाठी धरतात, त्या हवेतला नत्र जमिनीत आणतात. नुसत्या गवतापेक्षा वेल मिसळलेला चारा ढोरांच्या अंगी जास्त लागतो. तीन-चार वर्षं तुकडा गवताखाली ठेवा, मग मोडून ज्वारी घ्या. पडीत ठेवून जमिनीला विसावा देणं आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतं. आम्ही त्या पडिताला बी देतो, एवढंच.

हे बी सोपं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास पिकतं, पण एकदम पिकत नाही. पिकलं की झडतं. म्हणून आमच्या बाया दव उतरल्यावर त्याच तुकड्यात दोन-तीन फेऱ्या करतात, हातानं ओंबी ओरपून ओटीत घेतात. सावलीत वाळवतात, कापडी थैलीत ठेवतात. नवं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने झोप लागते. म्हणून ते पुढच्या मृगाला पेरायचं. एकरी गवताचं बी दोन-अडीच किलो पुरे. बी हलकं, वाऱ्यानं उडतं. ओलसर माती नाहीतर शेण कालवून फेका. खोल गाडू नका, वरून झुडपाची फांदी फिरवली की झालं. पहिल्या वर्षी ढोरं सोडू नका, मूळ धरू द्या. कापून घाला.

आणि एक गोष्ट आम्ही स्वतःहून सांगतो. गवताच्या बियात फसवणूक सोपी आहे. वरून भरलेलं दिसतं, आत नुसता फोल. नखावर दाबून पाहा, दाणा लागला पाहिजे. वैशाखात आम्ही 100 दाणे ओल्या पोत्यात ठेवू, जेवढे उगवतील तेवढा आकडा थैलीवर लिहू. आमच्या थैलीत गाजरगवत निघालं तर ती परत आणा, दाम परत देऊ. एका वावरात आमच्यामुळे गाजरगवत शिरलं तर दहा गावांचं नाव जाईल. कुसळीचं बी आम्ही विकणार नाही. तिची कुसळं ढोरांच्या तोंडात अन् मेंढ्यांच्या कातडीत शिरतात.

दाम कोण ठरवणार? व्यापारी येतो, पोत्यावर वजन करतो, फोलाचा अन् दाण्याचा एकच भाव लावतो. बाईची दिवसभराची मेहनत त्यात कुठंच दिसत नाही. आम्ही ग्रामसभेत बसून रोजी धरून दाम काढू, अन् तो फळ्यावर लिहू.

हक्काचं विचाराल तर तोही सांगतो. इंग्रजांच्या 1927 च्या वन कायद्यानं गवतालासुद्धा वनोपज म्हणून आपल्या ताब्यात घेतलं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करायचा अन् विकायचा हक्क आपल्याला दिला. 2012 च्या सुधारित नियमांनी वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या समितीच्या हाती दिला. मागच्या साली आमचं एक पोतं वाटेत अडवलं, कारण आमच्याजवळ कागद नव्हता. चूक आमची पण होती. यंदा प्रत्येक पोत्यासोबत ग्रामसभेच्या समितीचा परवाना राहील.

शेवटची गोष्ट अवघड आहे. बी धरायला आम्ही दोन तुकडे बंद केले, अन् गवळ्यांना विचारलं नाही. त्यांच्या गायी तिथं पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या. त्याच वनहक्क कायद्यात चराईचा हक्क लिहिला आहे, फिरत्या पशुपालकांचा पण. ज्या कायद्यानं आम्ही उभे आहोत तोच आम्ही दुसऱ्याला नाकारला तर आमच्यात अन् हाकलणाऱ्यात फरक काय? काकाजी, आमचं चुकलं. यंदा कोणता तुकडा कधी बंद, कधी खुला, ते तुमच्यासोबत बसून ठरवू. बी ओरपून झालं की उभं गवत तुमच्या गायींचं. अन् तिसरा हिस्सा बी आम्ही जंगलातच सोडू, नाहीतर कुरण विकून खाल्ल्यासारखं होईल.

कास्तकार भावांना एकच विनंती. अर्धा एकर द्या, धुरा द्या. तिसऱ्या वर्षी जेवढं बी नेलं तेवढं आपल्या तुकड्यातून परत द्या, म्हणजे ते शेजारच्या गावाला जाईल अन् जंगलावरचा भार हलका होईल.

थैल्या बाहेर झाडाखाली ठेवल्या आहेत. घेताना दाणा नखावर दाबून पाहा, मगच घ्या.

जय सेवा! जिंदाबाद!