अकोल्याचा उन्हाळा आणि ५सीबी



द्रवस्फटिकांची ही परिषद अकोल्यात जानेवारीतच का, असे काहींनी विचारले. त्याला कारण आहे. द्रवस्फटिकांचा श्रीगणेशा बहुतेक जण ५सीबी या द्रवस्फटिकावर करतात. तो साधारण २३ अंशांना वितळून नेमॅटिक होतो, म्हणजे त्याचे रेणू वाहते असूनही एका दिशेने रांगेत राहतात, आणि ३५ अंशांना ती अवस्था संपते. अकोल्यात मे महिन्यात, वातानुकूलन बंद असताना, त्याची काचपट्टी ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहा. रंगीत नक्षी नाहीच, नुसता काळोख! रेणूंनी केव्हाच रांग मोडलेली असते.

तरीही या रेणूची घडण मुद्दाम पाहण्यासारखी आहे. खोलीच्या तापमानाला नेमॅटिक राहणारा एमबीबीए १९६९मध्येच हाती आला होता. पण त्याच्या दोन वलयांमधला कार्बन-नायट्रोजनचा दुवा ओलाव्याने तुटे. हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे आणि सहकाऱ्यांनी तो दुवाच काढून टाकला आणि बेंझिनची दोन वलये थेट जोडली. एका टोकाला सायनो गट, दुसऱ्या टोकाला पाच कार्बनांची शेपटी, हाच आपला ५सीबी. १९७३मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. सायनोमुळे रेणूच्या लांबीच्या दिशेने जोरदार द्विध्रुव मिळाला, डायइलेक्ट्रिक विषमदिकता धन झाली, थेट दहाच्या वर गेली. म्हणजे थोड्याशा व्होल्टेजवर रेणू क्षेत्राच्या दिशेने उभे राहणार. शाट आणि हेल्फ्रिश यांच्या १९७१च्या पीळदार नेमॅटिक घटाला हेच हवे होते. एमबीबीएची विषमदिकता ऋण, त्यामुळे तो इथे निरुपयोगी. द्विअपवर्तन येते मुख्यतः वलयांतल्या इलेक्ट्रॉनांमुळे. आणि शेपटीला कमी लेखू नका. तिच्यात तीन कार्बन वाढवले की ८सीबी होतो आणि नेमॅटिकच्या खाली स्मेक्टिक अवस्था येऊन बसते.

अकोल्याचा प्रश्न सोडवला तो मिश्रणाने. पीटर रेन्स यांनी गणिताने प्रमाण काढून चार रेणू एकत्र केले. त्यातून झालेले ई७ शून्याखालपासून जवळजवळ ६० अंशांपर्यंत नेमॅटिक राहते. आमचा मे महिना त्याच्या खिजगणतीतही नाही.

पुढे ट्रान्झिस्टरवर चालणारे पडदे आले आणि याच सायनोची अडचण होऊ लागली. तो आयनांना धरून ठेवतो, त्यामुळे घटातला विद्युतभार गळतो आणि चित्र टिकत नाही. त्याच्या जागी फ्लोरिन आले. फ्लोरिन टोकाला बसवले तर विषमदिकता धन, वलयाच्या बाजूला बसवले तर ऋण. अणू तोच, जागा बदलली की पडद्याचा प्रकारच बदलतो.

रेणूची घडण आणि त्याचे गुण असे एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणूनच एक तक्रार मांडतो, यजमानाला तेवढी मुभा असावी. बहुतेक महाविद्यालयांत रसायनशास्त्र एका इमारतीत, भौतिकशास्त्र दुसरीत. एक जण रेणू तयार करून कुपी पाठवतो, दुसरा मोजमाप करून आलेख पाठवतो. मधली चर्चा होतच नाही. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी १९७७मध्ये चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक दाखवले, तेव्हा रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र एका छताखाली होते. २०१७पासून पुढे आलेल्या फेरोइलेक्ट्रिक नेमॅटिकच्या रेणूंनाही ही एकत्र बैठक लागणार आहे. त्यांच्यावर उद्या सकाळचे सत्र आहे.

तेव्हा आसनव्यवस्था मुद्दाम मिसळलेली ठेवली आहे. आपल्या शेजारी परक्या विभागाचे कोणी बसले असेल तर ती संयोजकांची चूक समजू नये. जेवण दीड वाजता, मागच्या अंगणात. आता उद्घाटक महोदयांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.