बिबट्याचं पिल्लू संसदेकडे निघतं तेव्हा

बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलंय, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. बिबटे तिथे आजही राहतात आणि इमारती कुंपणापर्यंत येऊन ठेपल्यात. म्हणूनच २०१२ सालचा ‘दिल्ली सफारी’ हा ॲनिमेशनपट उपनगरातल्या मुलांना फार जवळचा वाटतो.

दिग्दर्शक निखिल अडवाणी. चित्रपट घडवला पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सनं. मुंबईचं जंगल तोडलं जातं, युवी या बिबट्याच्या पिल्लाचे वडील मारले जातात. मग युवी, त्याची आई, बजरंगी माकड, बग्गा अस्वल आणि माणसांची भाषा बोलणारा पोपट दिल्लीला निघतात, थेट संसदेला जाब विचारायला.

बोलणारे प्राणी आपल्याला पंचतंत्रापासून ठाऊक आहेत. पण वडील गमावलेलं पिल्लू, गाणी गात होणारा प्रवास, ही मांडणी हॉलिवूडच्या वळणाची आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पंचतंत्रातले प्राणी राजाच्या दरबारात शहाणपण सांगत. इथे ते नागरिकांसारखा हक्क मागतात, आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. बजरंगीला गोविंदाचा आणि बग्गाला बोमन इराणींचा आवाज आहे. इंग्रजी आवृत्तीसाठी जेसन अलेक्झांडर, जेन लिंच अशा अमेरिकी कलाकारांनी आवाज दिले. साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा मान याच चित्रपटाला मिळाला.

सुट्टीत मुलांना तो जरूर दाखवा, आणि नंतर राष्ट्रीय उद्यानात घेऊन जा. सोमवारी मात्र ते बंद असतं.